एम-१ च्या बॅकलाईटपायी १२,६८० रुपये गेले, डिस्प्लेही गेला

आधीच सांगतो, हे लिहायला लाज वाटतेय, तीन आठवडे घरात कुणाला बोललो नाही. पण ज्यांच्याकडे जुने सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) आहेत त्यांच्या डिस्प्लेचा उजेड आज ना उद्या जाणारच आणि तेव्हा मला भेटला तसलाच एखादा ठग गाठ पडणार, म्हणून लिहितोय.

माझ्याकडे कॉर्गचा एम-१ आहे, १९८८ चं मॉडेल. कीज ठीक, आवाज ठणठणीत, फक्त डिस्प्लेमागचा उजेड मेलेला. त्यात मागे ईएल (इलेक्ट्रोल्युमिनेसंट) पट्टी असते, कागदासारखी पातळ, तिला मशीनच्या आतल्या छोट्या इन्व्हर्टरमधून शंभरेक व्होल्ट एसी मिळतो आणि ती निळसर हिरवी उजळते. काही हजार तास चालली की उजेड निम्म्यावर येतो आणि मग नुसती बारीक कुईंऽऽ करत राहते. माझी वर्षभर तशीच कुईं करत होती आणि मी टॉर्च तिरका धरून त्या दोन ओळी वाचत होतो. हे ज्याने केलंय त्यालाच कळेल की मी इतका उतावीळ का झालो.

एका विक्रीच्या साईटवर जाहिरात दिसली, "ओरिजिनल ईएल, सीलबंद, त्या काळचाच स्टॉक", ४,८५० रुपये. आता ऐका, ईएलमधलं फॉस्फर, म्हणजे उजळणारी पूड, दमटपणाने नुसतं पडून पडूनही खराब होतं. तीस-पस्तीस वर्षं पाकिटात पडलेली पट्टी सीलबंद असली म्हणून नवी राहत नाही. हे मला माहीत होतं! पण त्या माणसाचं बोलणं असं होतं की शंकाच येऊ नये. मी काही विचारायच्या आधीच त्याने विचारलं, कुईं येतेय का, येत असेल तर इन्व्हर्टर जिवंत आहे, घाबरू नका. अगदी बरोबर बोलला. मी पंधरा वर्षं सोल्डरिंग करतोय, कुणीही येऊन मला टोपी घालावी इतका भोळा नाही, हा माणूस खरोखर विषय जाणणारा होता आणि तिथेच मी फसलो. पैसे साईटच्या बाहेर थेट त्याच्या खात्यात टाकायला लावले, म्हणे साईट कमिशन खाते. कितीही गोड बोलला तरी हे करू नका.

आठ दिवसांनी त्याच तोंडाने म्हणतो, नव्या पट्टीला तुमचा जुना इन्व्हर्टर पुरणार नाही, तोही बदलावा लागेल, २,३०० रुपये. अरे, तूच म्हणालास ना जिवंत आहे म्हणून! पण तेव्हा भांडलो नाही, दिले. मग म्हणाला पट्टी मापाने कापावी लागते, कडा नीट सील झाल्या नाहीत तर शॉर्ट होते, तुम्ही नका करू, डिस्प्लेच काढून पाठवा, मी बसवून देतो. कडांचं तेही खरंच आहे. बसवायचे १,६०० आणि कुरिअरचे ७८०. मी रिबन केबल सोडवली, डिस्प्ले बबल रॅपमध्ये गुंडाळला आणि पाठवला. पाठवण्याआधी मागच्या बाजूच्या नंबराचा एक फोटो काढून ठेवायला काय झालं होतं मला, देव जाणे. तुम्ही काढा. आणि खरं तर आख्खा डिस्प्ले पाठवूच नका, फार तर मेलेली पट्टी मापाला पाठवा, तेवढ्याने काम भागतं.

आता ती रात्र. त्याने फोटो पाठवला, "झालं काम, बघा". दोन ओळी, झगझगीत. मी झूम केलं. डावीकडे पांढरट, जवळजवळ डोळ्यावर येणारा उजेड आणि उजवीकडे सरकत सरकत मंद होत गेलेला. ईएल असं उजळतच नाही हो! ती सगळीच्या सगळी एकसारखी उजळते, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. एका कडेने उजेड येतो तो एलईडीचा. त्यात माझ्या डिस्प्लेच्या पत्र्याच्या चौकटीचा एक कान (कडेची छोटी पट्टी) वाकलेला होता, तो फोटोत सरळ. दोन्ही गोष्टी मला दिसल्या. दिसल्या, आणि मी मनाशी म्हणालो फ्लॅश पडला असेल, कान त्यानेच सरळ केला असेल. कारण डिस्प्ले त्याच्याकडे होता, तो खोटा निघाला असता तर मी काय करणार होतो? पार्सल अडकलंय, सोडवायला ३,१५० लागतील, असं त्याने लिहिलं आणि रात्री ११:४० ला मी तेही पाठवले. सकाळी फोन बंद.

४,८५०, २,३००, १,६००, ७८० आणि ३,१५०. बेरीज १२,६८०.

बँकेत गेलो तर म्हणे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, यात फसवणूक कसली. म्हणजे चोराने हात पिरगळून घेतले तरच फसवणूक का? साईटवाल्यांचं तीन वेळा तेच छापील उत्तर, व्यवहार आमच्याबाहेर झाला, आमचा संबंध नाही. अहो पण जाहिरात तुमच्याकडेच आहे, ती तरी काढा! नाही काढली. पोलिसांकडे दोन तास बाकावर बसवलं, मग विचारलं वस्तू काय, मी समजावून सांगितलं, तर लिहून घेतलं "टीव्हीचा पार्ट". दुरुस्त करायला सांगितलं तर साहेब चिडले. दुसऱ्या दिवशी डिस्प्लेची खरेदीची पावती मागितली. १९८८ च्या मशीनच्या डिस्प्लेची पावती कुठून आणू? चॅट, खाते नंबर, कुरिअरची स्लिप, सगळं प्रिंट काढून नेलं होतं, त्याकडे कुणी मान वर करून बघितलं नाही. शेवटी म्हणे हा तुमच्या दोघांतला व्यवहार आहे, आपसात मिटवा. ज्याचा फोन बंद आहे त्याच्याशी आपसात काय मिटवू? तक्रारीचा नंबर मिळायला चौथी फेरी लागली. तरी नंबर घ्याच, तोंडी सांगून परत येऊ नका.

ज्यांना उजेड बदलायचाय त्यांनी फोटो मागू नका, व्हिडिओ मागा, अंधारात, शेजारी कागदावर तुमचं नाव आणि तारीख लिहून. एलईडी पट्टी लावायची तर खुशाल लावा, वाईट नाही, पण ती ५ व्होल्टवर चालणारी असेल तर इन्व्हर्टरच्या आउटपुटला जोडू नका, जळेल. आणि इन्व्हर्टरमधून पट्टीकडे जाणाऱ्या दोन बारीक वायरींना मशीन चालू असताना हात लावू नका, झटका बसतो.

माझा एम-१ सध्या आंधळा आहे. ०, १ दाबलं की पियानो येतो, ते पाठ आहे म्हणून वाजवतो, बाकी एडिटिंग बंद.

परवा तोच फोटो पुन्हा दिसला. वेगळं नाव, मशीन दुसऱ्या कंपनीचं, किंमत ५,२००, आणि डावीकडे तोच पांढरट उजेड. कुणाला तो फोटो आला असेल तर एक रुपयाही पाठवू नका, आणि डिस्प्ले आधीच पाठवला असेल तर आजच्या आज कुरिअरवाल्याला फोन करून पार्सल थांबवा.