पाठीला चेन असलेला सूट : शिवणकाम करणाऱ्या अक्कांनी माझ्या नातवासाठी शिवून दिलेला

दीड-दोन वर्षांचं मूल अंगावर कपडा टिकू देत नसेल आणि डायपर काढून फेकत असेल, तर पाठीमागे चेन असलेला सूट, म्हणजे गळ्यापासून पायांपर्यंतचा एकसंध कपडा, शिवून घ्या. विकतचा नको, शिवूनच घ्या, आणि कापड पातळ होजिअरीचं असू द्या. आमच्या घरात या एका कपड्याने रात्रीची झोप परत आली, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सूनबाई बँकेत, मुलगा फिरतीच्या नोकरीत, त्यामुळे नातू दिवसभर माझ्याकडे असतो. चालायला लागल्यावर त्याने आधी मोजे काढले, मग टोपी, मग चड्डी. डायपरची पट्टी चर्रकन उघडते हे त्याला कळल्यावर तर विचारूच नका. पट्टीवाला सोडून पँटसारखा डायपर आणला, तो गुडघ्यापर्यंत ढकलून खाली बसायचा आणि एकेक पाय सोडवून घ्यायचा. पट्टीवाला डायपर उलटा, म्हणजे पट्ट्या पाठीकडे येतील असा बांधून पाहिला. थोडे दिवस चाललं, मग हात मागे पोचायला लागले. दुपारी झोपेतून उठला की आधी डायपर बाहेर, मग गादी ओली, चादर ओली, भिंतीवर काय काय. एकदा भरलेला डायपर फाडून आतला जेल दोन्ही मुठीत घेऊन बसला होता. तो तोंडात जायच्या आत मी पोचले, पण त्या दिवशी सूनबाईला म्हटलं, आता याचा बंदोबस्त केलाच पाहिजे.

ऑनलाइन असे एकसंध सूट मिळतात. आम्ही एक मागवला, हजाराच्या घरात गेला. कल्पना चांगली, पण कापड आतून लोकरी, पायाला मोजे जोडलेले. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. असा कपडा घातलेलं मूल घामोळ्याने हैराण होईल आणि तो काढायला आणखी धडपडेल. शिवाय चेन पुढे. पुढची चेन आमच्या नातवाने चहा गाळून होईपर्यंत उघडली.

मग शेजारच्या वहिनींनी पूर्व भागातल्या अक्कांचं नाव सुचवलं. सोलापुरात घरोघरी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बायका खूप, अक्का त्यांतल्याच. घरातच दोन मशीन आणि कापडाच्या कडा शिवणारं एक ओव्हरलॉक. मी ऑनलाइनचा सूट नमुना म्हणून नेला होता. त्यांनी तो उलटा करून शिवण पाहिली, नातवाला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, “आजी, याचा हात कुठून आत जातो ते आधी सांगा.” हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नव्हता. सूटचे पाय आखूड असले तर मूल मांडीकडून हात घालून डायपर ओढतं. म्हणून त्यांनी पाय गुडघ्याच्या खाली घेतले आणि शेवटी रिबची, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या विणीची, पट्टी लावली, इलॅस्टिक नाही. इलॅस्टिकचे वळ उठतात.

काम बघण्यासारखं आहे. चेन नायलॉनची, धातूची नाही, त्यामुळे पाठीवर झोपलं तरी टोचत नाही. चेनच्या आतून मानेपासून कमरेखालपर्यंत त्याच कापडाची पट्टी आहे, म्हणजे कातडी चेनमध्ये सापडायची भीती नाही. चेन ओढायचा रनर वर गेला की त्याच्यावर एक छोटी झडप येते आणि ती टिचबटणाने बंद होते. आतल्या शिवणी काखेत घासू नयेत म्हणून तिथे दुमडून पुन्हा टीप मारली आहे. गळ्याला रिब आहे, पण घट्ट नाही, माझी दोन बोटं आरामात जातात. लेबल वगैरे काही नाही, ते बरंच आहे. मानेला लेबल टोचतं म्हणूनही मुलं कपडे ओढतात.

शिलाई २५० रुपये, कापड आपलं. होजिअरीचं कापड किलोवर मिळतं आणि एवढ्याशा सुटाला फार लागत नाही. कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच द्या. सुती होजिअरी पहिल्या धुण्यात आटते आणि मग खांद्याला ओढ बसते. धुताना चेन लावून, सूट उलटा करून धुवायचा.

उणिवाही सांगते. डायपर बदलायचा तर अख्खा सूट उतरवावा लागतो. आडवं पाडून हे काम होत नाही. नातवाला पलंगाचा कठडा धरून उभं करायचं, मागून चेन उघडायची आणि उभ्यानेच बदलायचं. याची सवय झाली की सोपं जातं, पण रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत सूनबाईला ते जड जातं. दुसरं म्हणजे, वाढतं मूल, सूट पाच-सहा महिन्यांच्या पुढे पुरत नाही. मापात चार बोटं उंची जास्त ठेवायला सांगा.

आणि हा सूट दिवसभर घालायचा नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आम्ही तो रात्री, दुपारच्या झोपेला आणि बाहेर जाताना घालतो. आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं की मूल डायपर काढतं तेव्हा आधी आत पुरळ आहे का ते पाहा. ओलं झालंय, शी झालीय, गरम होतंय, हे बोलता न येणारं मूल असंच सांगतं. पुरळ उठलेलं असताना वरून चेन लावून कोंडणं म्हणजे त्या लेकराचा छळ आहे. कपडे काढणं हे मुलाला घालण्यापेक्षा कितीतरी आधी जमतं, त्यात हट्ट किंवा वाईट खोड काही नाही. आम्ही ओरडत नाही. हसतही नाही, कारण घरचे हसले की त्याचा खेळ होतो आणि मग दिवसातून दहा वेळा तो प्रयोग होतो.

भर उन्हाळ्यात दुपारी जागा असताना मी त्याला नुसत्या सुती लंगोटावर ठेवते. तोही काढला तर काढू दे. खाली ओल न झिरपू देणारी ड्राय शीट, तिच्यावर जाड सोलापुरी टॉवेल, बस्स. हल्ली त्याचा डायपर दोन-दोन तास कोरडा राहतो आणि शी आली की तो पडद्यामागे जाऊन उभा राहतो. ही डायपर सोडायची त्याची तयारी झाल्याची खूण आहे. म्हणून सकाळी दूध झालं की मी त्याला पायांवर धरून “शूऽऽ” करते, आमच्या आयांनी आम्हाला धरलं तसं. दिवसा सूट घातला असता तर त्याला वेळेवर मोकळं करणं जमलं नसतं.

काही घरांत चिकटपट्टीने डायपर बांधतात, नाहीतर सेफ्टी पिन लावतात. कृपा करून करू नका. पिन उघडली तर टोचेल, निघाली तर तोंडात जाईल. अक्कांनासुद्धा मी झडपेला बटणाऐवजी टिचबटणच लावा म्हटलं होतं आणि त्यांनी ते मशीनने पक्कं ठोकून दिलं. दर धुण्यानंतर ते ओढून बघते, सैल वाटलं तर सूट परत त्यांच्याकडे. एकदा असं नेलं तेव्हा त्यांनी पैसे न घेता समोर बसवून दुरुस्त करून दिलं.

कोणाला शिवून घ्यायचा असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच जा. एप्रिलपासून शाळा सुरू होईपर्यंत गणवेशांची घाई असते, तेव्हा गणवेश शिवणारी कोणतीही बाई असलं किरकोळ काम हातात घेत नाही. मूल बरोबर न्या, माप अंगावरच घेऊ द्या, आणि त्याचा हात कुठून आत जातो ते विचारायची वाट न बघता आपणच सांगा.