मॅव्हिक प्रोचे ८३३१ लो-नॉइज पंखे: आवाज उतरतो, वारा तेवढाच राहतो

ड्रोन बनवणाऱ्या डीजेआय कंपनीने २०१७ साली मॅव्हिक प्रो प्लॅटिनम हा ड्रोन आणला, तेव्हा त्याच्याबरोबर ८३३१ क्रमांकाचे लो-नॉइज पंखे आले. ते जुन्या मॅव्हिक प्रोवरही बसतात. मूळचे ८३३० काढून हे लावावेत का? लावावेत. मात्र त्यांच्याकडून नेमकं काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे आधी समजून घ्या.

कंपनीचा दावा ४ डेसिबलचा, म्हणजे आवाजात ६० टक्के घट. हिशेब बरोबर आहे, पण ही घट ध्वनीच्या शक्तीतली. कानाला आवाज निम्मा वाटायचा तर सुमारे १० डेसिबल उतरावे लागतात. ४ डेसिबलने तो साधारण पाऊणपट वाटतो. दुसऱ्या तऱ्हेने पाहिलं, तर १० मीटरवरचा ड्रोन १६ मीटरवर नेल्याइतका हा फरक आहे. शिवाय हा आकडा प्लॅटिनमचा. त्यात मोटरचा वेग सांभाळणारे ईएससी (इलेक्ट्रॉनिक वेग-नियंत्रक) हेही नवे आहेत, मोटरला साइन लहरीने वीज देणारे. त्यामुळे मोटरची किणकिण कमी होते. जुन्या मॅव्हिकवर नुसते पंखे बदलले तर पूर्ण ४ डेसिबलची अपेक्षा धरू नये. तरीही हॉवर करताना, म्हणजे हवेत एका जागी थांबताना, कानात घुसणारा तीक्ष्णपणा बोथट होतो, आणि आमच्या मते पैसे द्यावेत ते त्यासाठीच.

वाऱ्याचं गणित मात्र वेगळं. पंख्याखालच्या झोताचा वेग ठरतो ड्रोनचं वजन, पंख्यांनी व्यापलेलं क्षेत्र आणि हवेची घनता यांवर. मॅव्हिक प्रोचं वजन ७३४ ग्रॅम, म्हणजे प्रत्येक पंख्यावर सुमारे १८४ ग्रॅम. पंख्याचा व्यास ८.३ इंच. यावरून पात्यांच्या पातळीत हवा सेकंदाला साधारण ४.६ मीटरने खाली जाते आणि खाली झोत आवळला की वेग दुप्पट, ताशी ३३ किलोमीटरच्या आसपास होतो. ८३३१ मध्ये व्यास तोच, वजन तेच. म्हणून कोकणातली तांबडी धूळ पूर्वीइतकीच उडणार. ‘आवाज कमी, म्हणजे वाराही कमी’ असं धरून मंडपातल्या फुलांवर किंवा रांगोळीवर ड्रोन खाली आणू नका.

लँडिंग पॅड, म्हणजे ड्रोन उतरवायची चटई, जरूर वापरा, पण झोत जमिनीला लागून बाहेर पसरतो आणि पॅडच्या कडेपलीकडची माती उचलतो. सभोवार मीटरभर पाणी शिंपडा. ऑटो टेकऑफनंतर ड्रोन १.२ मीटरवर थांबतो. धुळीच्या जागी तिथे न रेंगाळता लगेच तीन-चार मीटर वर घ्या; मॅव्हिकचा गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा भाग, फार खाली आहे.

उतरतानाही एक गोष्ट सांभाळावी लागते. मॅव्हिक प्रो कमाल ३ मीटर प्रतिसेकंद वेगाने सरळ खाली येऊ शकतो. पण त्या वेगाला तो स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत शिरतो, डगमगतो, आणि पाती फडफडल्यासारखा खरखरीत आवाज येतो. इथे लो-नॉइज पंखा काहीही करू शकत नाही. थोडं पुढे सरकत तिरकं उतरा, म्हणजे दर क्षणी पंख्याला ताजी हवा मिळते. उंचीचाही परिणाम आहे: महाबळेश्वरला हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्के विरळ, त्यामुळे तेवढंच वजन पेलायला पंखे सहा-सात टक्के जास्त वेगाने फिरतात आणि आवाजाची पट्टी चढते.

बसवणं सोपं आहे. पांढऱ्या खुणेचे पंखे पांढऱ्या खुणेच्या मोटरवर, बाकीचे उरलेल्या दोन मोटरवर. दाबून बाणाच्या दिशेने फिरवायचे. मग हलकेच वर ओढून पाहा, सुटता कामा नये. आधी फर्मवेअर अद्ययावत करा. चारही पंखे ८३३१च असावेत, जुने-नवे मिसळू नका.

फरक मोजायचा असेल तर फोनवरचं ध्वनिमापक ॲप चालतं, मात्र फोन ड्रोनखाली धरला तर माइकवर वाराच आदळेल. तीन मीटर बाजूला, ड्रोनच्याच उंचीवर, दोन्ही पंख्यांसाठी तेच अंतर ठेवा. आकडा खरा धरायचा नाही, फक्त दोन आकड्यांतला फरक घ्यायचा.

नवे पंखे लावल्यावरही शिट्टी किंवा घरघर येत असेल, तर पात्याच्या कडेवरून नख फिरवून खाच शोधा. बिजागरीशी बारीक चीर आहे का, घडी घालून पिशवीत कोंबल्याने पातं वाकलंय का, तेही पाहा. असा पंखा टेपने दुरुस्त करू नका, बदला. पाती स्वच्छ असतील तर पंखे उतरवून मोटर बोटाने फिरवा; खरखर जाणवली तर दोष बेअरिंगचा आहे.