बागेत, बसमध्ये आणि घरी: गटाच्या थेट प्रसारणाचे अ‍ॅप एक द्राक्ष हंगाम वापरल्यानंतर

नाशिक जिल्ह्यातील आमच्या द्राक्ष बागायतदारांच्या गटाने ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या तोंडावर, सल्लागारांच्या साप्ताहिक बैठका थेट दाखवण्यासाठी, एक सशुल्क अ‍ॅप घेतले. तेव्हापासून काढणी संपून एप्रिलची खरड छाटणी उरकेपर्यंत ते सतत वापरात राहिले, म्हणून आता त्याविषयी सविस्तर लिहिता येईल. अ‍ॅपचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढचे बरेचसे मुद्दे या जातीच्या कोणत्याही अ‍ॅपला लागू पडतील. आमच्या सभासदांच्या बागा दिंडोरी, निफाड आणि चांदवड तालुक्यांत आहेत. काही जण नाशिक शहरात राहून बाग सांभाळतात, दोघे-तिघे सुरगाण्याच्या बाजूचे आहेत आणि काहींचे मुंबईला सतत जाणे-येणे असते. विकणाऱ्याचा दावा असा होता की बैठक एकच असली तरी प्रत्येकाला ती त्याच्या परिस्थितीप्रमाणे मिळेल: रेंज किती आहे, बॅटरी किती उरली आहे, स्क्रीन चालू आहे की फोन खिशात आहे, माणूस एका जागी आहे की प्रवासात, हे सगळे पाहून अ‍ॅप चित्र आणि आवाज ठरवील. हा दावा बऱ्याच अंशी खरा निघाला. एकेका माणसाशी जुळवून घेणे या अ‍ॅपला छान जमते; त्या माणसांचा मिळून जो गट होतो, त्याच्याशी जुळवून घेणे त्याला अजून जमलेले नाही.

आतली यंत्रणा थोडक्यात सांगतो. बोलणाऱ्याचा फोन एकाच चित्राच्या लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन आवृत्त्या एकाच वेळी सर्व्हरकडे पाठवतो आणि सर्व्हर प्रत्येक श्रोत्याला त्याच्या रेंजला झेपेल ती आवृत्ती पुढे देतो. त्यामुळे सुरगाण्यात कोणाची रेंज गेली म्हणून नाशिकच्या कॉलेज रोडवर बसलेल्या सभासदाचे चित्र बिघडत नाही. आम्ही पूर्वी जो साधा ग्रुप कॉल वापरत होतो त्यात नेमके हेच होत असे आणि एका कमकुवत फोनमागे सगळ्यांचे चित्र फुटायचे. चित्राचे थर पाडावेत, एकेक थर चढवला की बारकावे वाढावेत, आणि प्रत्येक श्रोत्याने आपल्याला पेलतील तेवढेच थर घ्यावेत, ही कल्पना तशी जुनी आहे. मॅककॅन, जेकबसन आणि व्हेटर्ली या संशोधकांनी ती १९९६ मध्येच मांडली होती. फरक इतकाच की तेव्हा निवड श्रोत्याचे यंत्र करणार होते आणि इथे ती सर्व्हर करतो.

सर्वांत जास्त गुण मी आवाजाच्या हाताळणीला देईन. रेंज उतरू लागली की अ‍ॅप आधी चित्र लहान करते, मग थांबवते आणि आवाज शेवटपर्यंत सोडत नाही. आवाजासाठी ओपस हे २०१२ मध्ये प्रमाणित झालेले कोडेक, म्हणजे आवाज आकुंचित करून पाठवण्याची पद्धत, वापरले आहे. ते ६ पासून ५१० केबीपीएसपर्यंत (सेकंदाला इतके हजार बिट) चालते आणि बोलणे स्पष्ट ऐकू येण्यासाठी २४ केबीपीएस पुरेसे होतात. आवाज ज्या लहान लहान पाकिटांतून जातो त्या प्रत्येकावरच्या पत्त्याच्या मजकुराचा भार धरला, तरी तासाभराच्या बैठकीचा नुसता आवाज वीस एमबीच्या आसपास जातो. उलट ७२० पी चित्र दीड एमबीपीएसने घेतले तर तासाला ६७५ एमबी लागतात, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकमधला निम्म्याच्या जवळपास डेटा एका बैठकीत उडतो. बागेत काम करणारे आमचे बहुतेक सभासद फोन खिशात ठेवून कानात हेडफोन घालून ऐकतात. स्क्रीन बंद झाल्याचे ओळखून अ‍ॅप त्यांचे चित्र आपोआप तोडते, हे एकच वैशिष्ट्य वर्गणी वसूल करून देणारे आहे. सेटिंगमध्ये जाऊन चित्र बंद करा, असे आमच्या वडीलधाऱ्यांना दर आठवड्याला फोनवर समजावून सांगण्याचा माझा उद्योग त्यामुळे संपला.

मात्र अ‍ॅपच्या लेखी परिस्थिती म्हणजे फक्त फोनची परिस्थिती. बैठकीत त्या क्षणी काय चालले आहे, हे त्याच्या हिशेबात येतच नाही. छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला त्या आठवड्यातले उदाहरण देतो. दिंडोरीकडच्या एका सभासदाने पान कॅमेऱ्यासमोर धरले होते. वरून फिकट पिवळसर, तेलकट डाग होता. प्रश्न असा होता की तो डाऊनी या रोगाचा आहे की दुसऱ्या कशाचा. सल्लागार म्हणाले, “भाऊ, पान जरा उलटं करा, आणि उन्हाकडं धरा.” पान उलटताना हात हलला, हालचाल वाढली, रेंज आधीच बेताची होती, आणि अ‍ॅपने आपल्या नियमाप्रमाणे चित्र गुळगुळीत चालावे म्हणून बारकावे गाळले. पडद्यावर हिरव्या चौकटींची सरमिसळ दिसू लागली. पानाच्या खालच्या बाजूला दिसत होती ती पांढरी बुरशी होती की आदल्या फवारणीचा वाळलेला डाग, हे कोणालाच ठरवता येईना. शेवटी त्या सभासदाने फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, सल्लागारांनी तो पाहिला आणि मग औषध सांगितले. अशा क्षणी आम्हाला सेकंदाला तीस चित्रे नको असतात. दोन सेकंदांना एकच चित्र आले तरी चालेल, पण त्यात पानाच्या शिरा दिसल्या पाहिजेत. स्क्रीनवरचे कागद दाखवताना हालचालीपेक्षा ठसठशीतपणाला महत्त्व देण्याची सोय या तंत्रात असते आणि याच अ‍ॅपमध्येही ती स्क्रीन शेअर करताना लागू होते. तीच कॅमेऱ्यासाठी एका बटणावर का दिली नाही, हे कळत नाही. कंपनीला आम्ही तसे लेखी कळवले, उत्तर आले, पण बटण काही आले नाही.

याच्याशीच जोडलेली दुसरी अडचण विकत घेताना कोणीच सांगत नाही. श्रोत्यांच्या फोनप्रमाणे चित्र ठरते हे खरे. पण चित्राची कमाल मर्यादा बोलणाऱ्याच्या फोनने आधीच ठरवलेली असते. बागेतून दाखवायचे म्हणजे अपलोड करायचे, आणि खेड्यातली रेंज मोजताना आपण सगळे डाउनलोडचाच वेग पाहतो. टॉवर दहा-वीस किंवा त्याहून जास्त वॅटने बोलतो, तर आपला फोन जेमतेम ०.२ वॅटने, त्यामुळे फोनवर रेंजच्या काड्या भरपूर दिसत असूनही वर जाणारा रस्ता अरुंदच राहतो. तीन आवृत्त्या एकत्र पाठवायला दोन एमबीपीएसच्या आसपास अपलोड हवे. ते मिळाले नाही की अ‍ॅप सर्वांत मोठी आवृत्ती आधी बंद करते, आणि मग नाशिकमध्ये फायबरवर बसलेल्या माणसालाही लहान चित्रच मिळते. पाहणाऱ्याला मात्र आपलाच वायफाय बिघडला असे वाटते, कारण बोलणाऱ्याचे अपलोड कमी पडते आहे, असे अ‍ॅप कुठेच सांगत नाही. आम्ही आता सल्लागारांच्या फोनला बागेत दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट देतो आणि शक्यतो शेडच्या पत्र्याखालून बाहेर यायला सांगतो. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

प्रवासातल्या श्रोत्यांसाठीची सोय वरवर पाहता उत्तम आहे. फोन वेगाने सरकतो आहे असे दिसले की अ‍ॅप त्या माणसाला थेट मार्गावरून काढून तुकड्यांच्या मार्गावर टाकते. ही एचएलएसची पद्धत २००९ पासून प्रचलित आहे: प्रसारणाचे साधारण सहा-सहा सेकंदांचे तुकडे करायचे आणि फोनने दोन-तीन तुकडे साठवून मगच दाखवायला सुरुवात करायची. कसारा घाटात रेल्वे बोगद्यात शिरली तरी साठ्यातले तुकडे चालू राहतात आणि बोलणे तुटत नाही. मी स्वतः इगतपुरी ते कसारा या पूर्ण टप्प्यात बैठक न तुटता ऐकली आहे. साध्या ग्रुप कॉलवर ते शक्यच नव्हते. पण यात प्रवासी वीस सेकंदांच्या आसपास मागे पडतो, आणि ते ना त्याला कळते ना बाकीच्यांना. बैठकीत सल्लागार विचारतात, “डिपिंग झालं का सगळ्यांचं?” (डिपिंग म्हणजे घड औषधाच्या द्रावणात बुडवणे.) बागेतले लोक लगेच उत्तर देतात, विषय पुढे फवारणीकडे जातो, “मग आता हे औषध लगेच मारायचं का?” असा प्रश्न कोणीतरी विचारतो, आणि नेमक्या त्याच वेळी बसमधल्या नाना या आमच्या सभासदाचे “हो, झालं” पडद्यावर उमटते. एकदा अशा उशिरा आलेल्या होकारावरून दोघांनी औषध मारायचेच असे समजून घेतले होते. वेळेत फोन झाला म्हणून निभावले. हात वर करण्याचे बटण आणि मतदानाचीही हीच गत. ज्याला सुरळीत ऐकू यावे म्हणून अ‍ॅपने एवढी काळजी घेतली, त्याला त्याच काळजीने बैठकीबाहेर बसवले. त्याच्या नावापुढे तो किती सेकंद मागे आहे एवढे दाखवले असते, आणि मतदान त्या हिशेबाने थोडे उशिरा बंद केले असते, तरी पुष्कळ होते.

किरकोळ तक्रारीही आहेत. वायफाय दिसला की अ‍ॅप डोळे झाकून मोठे चित्र मागते, मग त्या वायफायच्या मागे मळ्यातला एक दमलेला डोंगल का असेना. हायवेवर रेंज वर-खाली होते तसे चित्रही दर काही सेकंदांनी लहान-मोठे होत राहते, आणि हे सतत बदलणारे चित्र स्थिर लहान चित्रापेक्षा जास्त त्रास देते. वर चढायला थोडी सबुरी दाखवली असती तर बरे झाले असते. फोन बॅटरी सेव्हरवर गेला की काही जुन्या फोनांत स्क्रीन बंद होताच आवाजही थांबतो. त्यासाठी त्या फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपवरचे बॅटरीचे बंधन हाताने काढावे लागते. हालचाल ओळखण्यासाठी अ‍ॅप लोकेशनची परवानगी मागते. आमच्यातल्या काहींनी ती नाकारली, आणि त्यांचे काही अडले नाही, कारण प्रवासात आहे असे सांगायला वेगळे बटण आहे. मला तर ते बटणच अधिक भरवशाचे वाटते. ट्रॅक्टरवर बसून औषध फवारणारा ब्लोअर चालवणारा माणूस अ‍ॅपच्या दृष्टीने प्रवासी ठरतो आणि आपल्याच बागेत वीस सेकंद मागे पडतो, हा विनोद आम्ही प्रत्येक फवारणीला अनुभवला.

एक मर्यादा मात्र अ‍ॅपच्या हातातली नाही. गावातल्या सोसायटीच्या कार्यालयात आमचे दहा-बारा सभासद एकत्र जमतात आणि जो तो आपापल्या फोनवर बैठक लावतो. टॉवर एकच, कार्यक्रम एकच, तरीही टॉवरला त्याच चित्राच्या दहा-बारा वेगळ्या प्रती वाढाव्या लागतात. एकच प्रत अनेकांना पोहोचवण्याची इंटरनेटवरची रीत डीअरिंग या संशोधकाने १९८९ मध्ये लिहून ठेवली, मोबाइलमध्ये ती थ्री-जीच्या काळात एमबीएमएस या नावाने आली, फोर-जीमध्ये तिची सुधारित आवृत्ती झाली आणि फाइव्ह-जीसाठी २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या, मोबाइल नेटवर्कच्या जागतिक नियमांच्या सतराव्या प्रमाणसंचात ती पुन्हा नव्याने बसवली गेली. पण ही सोय चालवायची की नाही हे नेटवर्क कंपनी ठरवते. आमच्यासारख्या लहान गटाच्या अ‍ॅपला ती मिळत नाही आणि त्याला ती मागताही येत नाही. म्हणून एकाच ठिकाणी जमलेल्यांनी एक फोन स्पीकरला किंवा टीव्हीला जोडावा, एवढाच उपाय उरतो. अ‍ॅप तसे सुचवतेही; हे सुचवणे मला त्याच्या सगळ्या हुशारीत सर्वांत व्यवहारी वाटले. येत्या सिंहस्थात पंचवटीच्या बाजूला राहणाऱ्या आमच्या सभासदांचे काय होईल, याचा विचार मात्र आतापासूनच करावा लागणार आहे. पर्वणीच्या गर्दीत रेंजच्या काड्या पूर्ण असूनही डेटा हलत नाही, कारण टॉवर तेवढाच आणि वाटेकरी लाखो. त्या दिवसांत त्यांनी थेट बैठकीचा नाद सोडून रात्री उतरवलेले ध्वनिमुद्रण ऐकावे, असे आम्ही ठरवले आहे. मुद्रण रात्री वायफायवर आपोआप उतरते आणि विषयांप्रमाणे त्याचे भाग पाडलेले असतात. या भागाबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

वर्गणीचे नूतनीकरण आम्ही करणार आहोत, पण संपूर्ण वर्षाऐवजी फक्त गोडी छाटणी ते काढणी एवढ्या काळाचे. नव्या गटांनी घेताना आधी बोलणाऱ्याच्या जागेवरून अपलोडचा वेग मोजावा, तोही बैठकीच्याच वेळी, कारण संध्याकाळी तो सकाळपेक्षा बराच घटलेला असतो. पान किंवा घड दाखवायचा असेल तर फोटो वेगळा पाठवायची सवय लावून घ्यावी. सल्लागारांनी औषधाचा निर्णय सांगण्यापूर्वी प्रवासातल्यांसाठी अर्धा मिनिट थांबावे, आणि होकार देणाऱ्याने नुसते “हो” न लिहिता कशाला हो ते लिहावे. हा शेवटचा नियम आमच्या गटात आता सगळे पाळतात, अगदी नानासुद्धा.