प्रसूतिगृहातल्या स्टाफसाठी सुप्त पूर्वग्रहाचं प्रशिक्षण: तीन वाटा, कोणती धरायची?

बेळगाव जिल्ह्यात निपाणी, खानापूर किंवा अथणीला दहा-वीस खाटांचं प्रसूतिगृह चालवत असाल आणि स्टाफला सुप्त पूर्वग्रहाचं, म्हणजे माणूस बघूनच आपण नकळत जे ठरवून टाकतो त्याचं, प्रशिक्षण द्यायचं मनात असेल, तर तीन वाटा आहेत. तासाभराचा ऑनलाइन कोर्स, बाहेरचा प्रशिक्षक बोलावून एक दिवसाची कार्यशाळा, नाहीतर लेबर रूममध्येच थोडं थोडं करत वर्षभर चालणारं काम. खर्चात फरक आहेच, पण हाती जे लागतं त्यात जास्त आहे.

ऑनलाइन कोर्स मुळात अमेरिकेच्या गरजेतून आले. तिथे कृष्णवर्णीय स्त्रियांचं गरोदरपण-बाळंतपणातलं मृत्यूचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या जवळपास तिप्पट आहे. म्हणून कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून प्रसूतिसेवेतल्या लोकांना हे प्रशिक्षण सक्तीचं केलं आणि दर दोन वर्षांनी उजळणी ठेवली. असे कोर्स स्वस्त, काही फुकटही, शिवाय ड्युटी न मोडता मोबाइलवर होतात. पण भाषा इंग्रजी आणि उदाहरणं तिकडची. डॉक्टर मॅडम तो नीट बघतील, सिस्टर व्हिडिओ पुढे ढकलत सर्टिफिकेट काढतील, आणि बाळंतिणीशी सगळ्यात जास्त बोलणारी आयाबाई यादीतच नसेल.

शिवाय आपल्याकडचे ग्रह निराळे. ऊसतोडीच्या टोळीतली बाई आली की ‘तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड) नसणार, एकदाही तपासून घेतलं नसणार’ हे तिला विचारायच्या आधीच ठरलेलं. चौथ्या खेपेची मुसलमान बाई असेल तर ‘हिला सवय आहे, सोसेल’. खानापूरच्या जंगलपट्ट्यातली गवळी-धनगर पोरगी म्हणजे ‘सांगून कळायचं नाही’. त्यात भाषेचा घोळ. सिस्टर कन्नड, बाळंतीण मराठी, किंवा बरोबर उलटं. मराठी मालकांच्या दवाखान्यात रामदुर्ग, सौंदत्तीकडच्या कन्नड बाईला हाच अनुभव येतो, हे आपण जरा कमी बोलतो. न समजलेली सूचना केसपेपरवर ‘सहकार्य करत नाही’ होऊन चढते, आणि पुढच्या पाळीची सिस्टर तेच वाचून आत जाते. यातलं काहीच अमेरिकन व्हिडिओत नसतं.

कार्यशाळेत हे निदान बोलता येतं. प्रशिक्षकाला मराठी आणि कन्नड दोन्ही यायला हवं, ही पहिली अट. डॉक्टर आणि आयाबाई एका खोलीत बसवल्या तर आयाबाई तोंड उघडणार नाहीत, तेव्हा बॅच वेगळ्या करा. मात्र एका दिवसावर फार भरवसा नको. अमेरिकेत २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात ग्रह कमी करणारे उपाय तपासले. ग्रह मोजणाऱ्या चाचणीत लगेच फरक दिसला, पण काही तासांत ते दोन-चार दिवसांत तो विरला. पुढे २०१९ मध्ये जवळपास पाचशे अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा चाचणीतले आकडे हलले म्हणून वागणं बदलतं, असं काही दिसलं नाही. त्यामुळे नुसत्या कार्यशाळेवर मोठी रक्कम घालू नये, असं माझं स्पष्ट मत.

तिसऱ्या वाटेकडे माझा कल आहे, आणि त्याचं कारणही एका अभ्यासातच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरियात झालेला, बाळंतपणात बायकांशी कसं वागतात याचा हा अभ्यास २०१९ मध्ये आला. एक तृतीयांशाहून जास्त बायकांना वाईट वागणूक मिळाली होती. कमी वयाच्या आणि कमी शिकलेल्या मुलींच्या वाट्याला ती जास्त आली. आरडाओरडा, मारणं हे सगळ्यात जास्त कधी? बाळ बाहेर येण्याआधीचा अर्धा तास आणि नंतरची पंधरा मिनिटं. म्हणजे मनं बदलत बसण्यापेक्षा हा पाऊण तास धरून काम करणं सोपं.

काम काय? आई, सासू, बहीण, जी हवी ती सोबतीला आत घेऊ द्यायची. सरकारी दवाखान्यांसाठी केंद्राने २०१६ मध्येच याला मान्यता दिली आहे. खासगीत अडचण जागेची सांगितली जाते, ती पडद्याने सुटते. सरकारी लेबर रूमसाठी २०१७ पासून ‘लक्ष्य’ कार्यक्रम आहे, खासगीसाठी फॉग्सीचा, म्हणजे स्त्रीरोग-प्रसूतितज्ज्ञांच्या देशातल्या संघटनेचा, ‘मान्यता’ हा सोळा निकषांचा. दोन्हींत सन्मानाच्या वागणुकीचा भाग आहे, तेव्हा वेगळा अभ्यासक्रम शोधायची गरज नाही. महिन्यातून एकदा केसपेपर काढून बसा: कोणाला ताटकळत ठेवलं, कोणाची सोबतीण बाहेर ठेवली, ‘सहकार्य नाही’ कोणाच्या नावापुढे लिहिलं. घरी सोडताना वागणूक कशी मिळाली हे बाळंतिणीला तिच्या भाषेत विचारायचं, पण तिथल्या सिस्टरसमोर नाही.

या वाटेचा तोटा असा की भिंतीवर लावायला लगेच काही मिळत नाही, आणि सगळं इनचार्ज सिस्टरवर उभं असतं. ती सोडून गेली की काम थंडावतं. आपल्याकडे सिस्टर टिकतात किती, ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून दोघी तयार करा, त्यातली एक कन्नड बोलणारी आणि एक मराठी.

हातात थोडेच पैसे असतील तर आधी पडदे आणि सोबतीण. त्याहून जास्त असतील तर अर्ध्या दिवसाची कार्यशाळा सुरुवातीला घ्या, गळीत हंगामाच्या आधी, म्हणजे टोळ्या उतरायच्या आत. ऑनलाइन कोर्स डॉक्टरांनी करावा, फुकटातला. आणि नाइट ड्युटीवाल्यांची बॅच दुपारी ठेवा, त्या तासांचा पगार देऊन. रात्री डॉक्टर येईपर्यंत सगळा कारभार त्यांच्याच हातात असतो.