वासोट्याची जुनी टोपोशीट घेताना होणारी फसवणूक

वासोटा किल्ला आणि भोवतीचं कोयनेचं जंगल सर्व्हे ऑफ इंडियाच्या ४७ जी/१० या टोपोशीटवर, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर, येतं. जुनी, एक इंचाला एक मैल प्रमाणाची ही शीट ‘ब्रिटिशकालीन ओरिजिनल’ म्हणून विकली जाते आणि कित्येकदा हातात पडतो तो स्कॅनचा प्रिंट: चहाच्या पाण्यात बुडवलेला, मुद्दाम घड्या पाडलेला. जंगलाच्या ओढीने पैसे मोजणाऱ्याला असं लुबाडणं चीड आणणारं आहे.

आधी पट्टी लावा. शीट अक्षांश-रेखांशाच्या पंधरा-पंधरा मिनिटांची असते. त्यामुळे नकाशाची आतली चौकट उंचीला सुमारे १७.२ इंच आणि रुंदीला १६.५ इंच भरायला हवी. जुना कागद थोडा आक्रसतो, पण इंचभर फरक पडत नाही. ए-थ्री कागदावर ही चौकट मावतच नाही.

मग वासोट्याच्या पूर्वेला बघा. तिथे शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, रुंद निळं पाणी दिसलं, तर तो नकाशा ब्रिटिशकालीन असूच शकत नाही. कोयना धरण १९६० च्या दशकातलं. जुन्या शीटवर तिथे नदीचं खोरं आणि गावं दिसतात. खालच्या समासात सर्वेक्षणाचं, आवृत्तीचं आणि छपाईचं साल वेगवेगळं असू शकतं. विक्रेता त्यातलं सर्वांत जुनं साल सांगतो. कागदाचं वय मात्र छपाईच्या सालावरूनच धरायचं.

खरी परीक्षा दहापट भिंगाखाली होते. अस्सल छपाईत कंटूरची, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी, तपकिरी रेघ एकाच शाईची, सलग असते. इंकजेट प्रिंटमध्ये तीच रेघ गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांत फुटते. जंगलाच्या हिरव्या रंगावरून निष्कर्ष काढू नका, अस्सल शीटवरही तो बारीक जाळीने छापलेला असू शकतो. घडीवरून बोट फिरवा: खऱ्या घडीत शाई झिजलेली आणि तंतू उसवलेले लागतात, स्कॅनमध्ये घडीचं नुसतं चित्र असतं, बोटाला कागद गुळगुळीत लागतो. अंधारात यूव्ही टॉर्च मारली आणि कागद निळसर पांढरा चमकला, तर तो स्वातंत्र्यापूर्वीचा नाही असंच समजा. नुसता चमकला नाही म्हणून अस्सल मानू नका, चमक न येणारा कागद आजही मिळतो.

पैसे पाठवण्याआधी चार फोटो मागा: चौकटीवर पट्टी ठेवून, खालचा समास, मागची बाजू आणि एका घडीचा अगदी जवळून. ‘गोपनीय शीट आहे, फोटो देता येत नाही’ असं उत्तर आलं, तर व्यवहार तिथेच थांबवा.