पुस मॉथ म्हणून विकलेलं लेपर्ड मॉथ

१५ ऑक्टोबर १९३२. जुन्या विमानांचे फोटो ओळखण्याचा छंद असलेल्यांना ही तारीख पाठ असते. त्या दिवशी टाटांची विमान टपालसेवा सुरू झाली. जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीच्या द्रिग रोड विमानतळावरून निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी मुंबईत जुहूला उतरले. पुढचा बेल्लारी-मद्रासचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी उडवला. विमान डी हॅविलंड कंपनीचं पुस मॉथ होतं. त्या दिवसाचा अस्सल फोटो म्हटलं की किंमत कुठल्या कुठे जाते, आणि म्हणूनच याच तारखेच्या नावावर खोटा माल खपवला जातो. आम्ही चौघांनी वर्गणी काढून घेतलेला संच त्यातलाच निघाला. कुठे काय चुकलं ते इथे सविस्तर मांडतो आहोत, कारण तोच माल तशाच मथळ्याने पुन्हा विक्रीला येईल याची आम्हाला खात्री आहे.

अल्बमच्या काळ्या पानावर कोपरे लावून बसवलेले पाच फोटो होते. मथळा: 'टाटा एअर मेल, जुहू, १५-१०-३२, पुस मॉथ, ओरिजिनल'. सांगितलेली किंमत २२,००० रुपये, ठरलेली १८,५००. विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेली चित्रं जेमतेम हजार पिक्सेल रुंद होती. मोठा स्कॅन मागितला तर 'सर, स्कॅनर बंद आहे', आणि तासाभरात 'दुसरी पार्टी तयार आहे, टोकन टाकून ठेवा'. नोंदणीची अक्षरं वाचता येत नाहीत असं कळवल्यावर त्याने 'साफ केलेली' प्रत पाठवली. तिच्यात विमानाच्या अंगावर व्हीटी-एडीएन स्वच्छ दिसत होतं. जेआरडींच्या त्या विमानाची नोंदणी हीच. या एका प्रतीवर विश्वास ठेवून यूपीआयने सगळी रक्कम पाठवली गेली. पहिली चूक ती.

मूळ प्रत हातात आल्यावर दहापट भिंगाखाली व्हीटी-ए एवढंच दिसलं. पुढची अक्षरं रुपेरी रंगावर पडलेल्या उन्हाच्या चकाकीत पूर्ण बुडाली आहेत. फोटोचा जो भाग जळून कोरा पांढरा झाला, तिथे वाचण्याजोगं काही उरलेलंच नसतं. कोणतंही सॉफ्टवेअर तिथून अक्षर परत आणू शकत नाही. ते नवं अक्षर काढतं. 'साफ केलेल्या' प्रतीवरून नोंदणी कधीही वाचू नये. अशी प्रत आली तर तिला पुरावा समजू नका, विक्रेत्याच्या हेतूबद्दलचा इशारा समजा.

पण खरा निकाल अक्षरांनी दिला नाही, चाकांच्या पायांनी दिला. पुस मॉथ (डीएच ८०ए) आणि लेपर्ड मॉथ (डीएच ८५) ही भावंडं आहेत. दोन्ही वर पंख असलेली, बंद केबिनची, उलट्या बसवलेल्या चार सिलिंडरच्या जिप्सी इंजिनाची. मापं घेऊन ती वेगळी करता येत नाहीत. पुस मॉथचा पंखविस्तार ११.२ मीटर, लेपर्डचा ११.४३. लांबी ७.६२ आणि ७.४७ मीटर. तिरकस कोनातून काढलेल्या फोटोत एवढा फरक मोजणं अशक्य. लेपर्डचे पंख टोकाकडे निमुळते होतात, पुस मॉथचे जवळजवळ सारख्या रुंदीचे असतात; मात्र हे वरून किंवा खालून दिसतं, जमिनीवर उभ्या विमानाच्या बाजूने नाही.

म्हणून पाय बघायचा. पुस मॉथमध्ये चाकापासून निघालेला धक्काशोषक दांडा लांबलचक असतो. तो पुढच्या काचेच्या बाजूने वर चढून थेट पंखाच्या मुळाशी जातो, त्यामुळे बाजूने पाहिलं की केबिनच्या पुढच्या भागावरून एक ठळक उभी पट्टी गेलेली दिसते. या दांड्यावरचं आवरण नव्वद अंशात फिरवून हवेतला ब्रेक म्हणून वापरता येत असे, म्हणून ते चांगलंच रुंद आहे. लेपर्डमध्ये दांडा आखूड असतो, पुढे झुकतो आणि इंजिनामागच्या भिंतीपाशी संपतो. खिडकीसमोर काही येत नाही. आमच्या फोटोत खिडकी मोकळी होती. जाहिरातीतल्या चित्रात नेमका हाच भाग हार घातलेल्या माणसाच्या कडेने कापलेला होता. फोटो चाकाच्या वर कापला असेल तर संपूर्ण चौकट मागवल्याशिवाय पुढे बोलूच नये.

लेपर्ड मॉथचं पहिलं उड्डाण २७ मे १९३३ ला झालं. म्हणजे १५ ऑक्टोबर १९३२ ला ते विमान जगात कुठेच नव्हतं. फोटोच्या पाठीवर कोणी काहीही लिहिलेलं असो, इथे विषय संपतो.

पाठीवर निळ्या शाईत 'जुहू १५-१०-३२' असं लिहिलं होतं. तिरक्या उजेडात अक्षरांच्या जागी कागद दबलेला दिसतो आणि वळणांवर शाईचे बारीक गोळे आहेत. हे बॉलपेन, आणि बॉलपेन बाजारात आलं तेच १९४० च्या दशकात. एवढ्यावरून फोटो खोटा ठरत नाही, हे लक्षात ठेवावं. नातवाने आजोबांच्या अल्बमवर प्रामाणिकपणे लिहिलेलं असू शकतं. मात्र ते लिखाण त्या दिवसाचं नाही, एवढं पक्कं.

कागदाची गोष्ट वेगळी. अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च पाठीवर मारला तर कागद निळसर पांढरा चमकला. फोटोच्या कागदात ही चमक देणारी द्रव्यं १९५० च्या दशकापासून यायला लागली. तीसच्या दशकातला कागद मंद, पिवळट राहतो. टॉर्च ३९५ नॅनोमीटरचा स्वस्तातला असेल तर त्याचा स्वतःचा जांभळा उजेडच फसवतो, तेव्हा पैसे थोडे जास्त घालून ३६५ चाच घ्यावा आणि शेजारी खात्रीचा जुना कागद ठेवून तुलना करावी. दुसरी खूण नखाने कळते. फोटोच्या वरच्या कोपऱ्यात घडीची पांढरी रेघ दिसते, पण तिच्यावरून नख फिरवलं तर पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. घडी मूळ प्रतीला पडलेली होती. ही त्या प्रतीवरून पुन्हा काढलेली नक्कल आहे. जुन्या जिलेटिन-सिल्व्हर (जिलेटिनच्या थरात चांदीचे कण असलेल्या) प्रतीच्या गडद कडांना तिरक्या उजेडात जी आरशासारखी निळसर झाक येते, तीही इथे नव्हती.

संचातला चौथा फोटो 'भारतीय हवाई दलाच्या पहिल्या चार वापितींपैकी एक' म्हणून होता. १ एप्रिल १९३३ ला द्रिग रोडवर पहिली स्क्वाड्रन उभी राहिली ती चार वेस्टलँड वापिती विमानांवर, हे खरं. पण वापितीच्या नाकावर हवेने थंड होणारं ज्युपिटर इंजिन, सिलिंडर चोहोबाजूंनी उघडे. या फोटोतलं नाक लांब, टोकदार, बंद. हे हॉकर हार्ट घराण्यातलं विमान. विक्रेत्याचा युक्तिवाद होता की पंखावरची गोल खूण वेगळी दिसते, मधे काळी आणि कडेला फिकट, म्हणजे ती भारतीय. तसं नाही. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नाही, म्हणून लाल काळा उमटतो आणि निळा फिकट. ब्रिटिश हवाई दलाची मधे लाल, कडेला निळी अशी नेहमीची खूणच अशी दिसते. काळ्यापांढऱ्या फोटोवरून रंग सांगणाऱ्याने आधी फिल्म कोणती हे सांगावं. आणि खरीखुरी वापिती असली तरी ती 'पहिल्या चारांतली' ठरत नाही. वायव्य सरहद्दीवर ब्रिटिश स्क्वाड्रनांकडे वापिती भरपूर होत्या. शेपटीजवळचा क्रमांक वाचून तो नोंदींशी जुळवल्याशिवाय असा दावा मान्य करू नये.

घेण्याआधी मागायचं ते एवढंच: पुढचा आणि मागचा, कडांसकट पूर्ण स्कॅन. प्रत ६ बाय ९ सेंटिमीटरची असेल तर १२०० डीपीआय, मोठी असेल तर ६००, आणि कोणतीही सुधारणा न करता. शिवाय खिडकीजवळ तिरक्या उजेडात मोबाइलने काढलेलं एक चित्र. स्कॅनर नसल्याचं कारण चालवून घेऊ नका. कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून मिळतो. 'ऑथेंटिसिटी सर्टिफिकेट' सोबत देऊ म्हणाला तर त्यावर विमानाचा प्रकार कोणत्या खुणेवरून ठरवला ते लिहिलंय का, ते बघा. आमच्या सर्टिफिकेटवर फक्त शिक्का होता.

फसल्याचं कळताच जाहिरात काढली जाण्याआधी तिचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्यावा, चॅट एक्स्पोर्ट करावं आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपावा. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, आणि तिथे तासांचा हिशेब लागतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. तक्रारीत 'फोटो खोटा आहे' असं लिहू नका, कारण विक्रेता लगेच 'फोटो जुनाच आहे' असं उत्तर देतो आणि वाद तिथेच अडकतो. 'जाहिरातीत अमुक विमान आणि अमुक तारीख सांगितली. हे विमान त्या तारखेला अस्तित्वात नव्हतं' असं लिहा. आमची तक्रार त्याच शब्दांत दाखल आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत.

संच आम्ही पुन्हा विकणार नाही. ज्या पाकिटात पहिला फोटो ठेवला आहे, त्याच्यावर मऊ पेन्सिलने नवी नोंद केली आहे: डी हॅविलंड लेपर्ड मॉथ, नोंदणी व्हीटी-ए, पुढची अक्षरं अवाच्य, मूळ चित्र मे १९३३ नंतरचं, ही प्रत १९५० नंतरची नक्कल, ठिकाण अज्ञात.