नामशेष प्राणी परत आणून देणारी सेवा : लेबल एक, माल दुसरा

ज्या सेवेचे हे परीक्षण आहे ती सामान्य ग्राहकाला पैसे मोजून घेता येत नाही. तिची जाहिरात मात्र साऱ्या जगासाठी केली जाते. पृथ्वीवरून नाहीसे झालेले प्राणी विज्ञानाच्या बळावर पुन्हा जिवंत करू, असे आश्वासन अमेरिकेतील ‘कोलोसल बायोसायन्सेस’ या कंपनीने २०२१ मध्ये, म्हणजे आपल्या स्थापनेच्या वर्षीच, दिले. सुरुवातीला यादीत केसाळ मॅमथ होता. पुढे टास्मानियन वाघ म्हणून ओळखला जाणारा थायलसीन आला, डोडो आला, न्यूझीलंडचा मोआ हा उंचापुरा न उडणारा पक्षी आला. २०२५ च्या एप्रिल महिन्यात तर यादीत आधी नाव नसलेला डायर वुल्फ हा हिमयुगातील प्राणी एकदम तयार स्वरूपातच लोकांपुढे ठेवण्यात आला. शास्त्रज्ञांनी असे काही करावे की करू नये, हा वाद बहुधा तत्त्वाच्या पातळीवरच रंगतो आणि तिथेच विरून जातो. आता प्रत्यक्ष माल समोर आलेला असताना त्याचे वेष्टन उघडून न पाहता मत देणे मला योग्य वाटत नाही, म्हणून येथे आधी माल तपासला आहे आणि मग मत दिले आहे.

सर्वाधिक गाजलेला नमुना म्हणून डायर वुल्फकडे सविस्तर पाहायला हवे. रोम्युलस आणि रेमस हे दोन नर १ ऑक्टोबर २०२४ रोजी जन्मले आणि खलीसी ही मादी ३० जानेवारी २०२५ रोजी. त्यांच्या निर्मितीसाठी ओहायोत सापडलेला सुमारे १३,००० वर्षांपूर्वीचा एक दात आणि आयडाहोत सापडलेली सुमारे ७२,००० वर्षांपूर्वीची एक कवटी यांतून डीएनए मिळवून त्याचे वाचन करण्यात आले. हा डीएनए जसाच्या तसा कोणत्याही पिल्लात गेलेला नाही, ही गोष्ट बहुतेक बातम्यांच्या तळाशी राहून गेली. त्याचा उपयोग नकाशासारखा झाला. प्रत्यक्ष पेशी आजच्या करड्या लांडग्याच्या रक्तातून घेतलेल्या होत्या. त्यांतील १४ जनुकांमध्ये २० ठिकाणी बदल करण्यात आले, त्या पेशींचे केंद्रक बीजांडात सोडून भ्रूण तयार करण्यात आले आणि ते पाळीव कुत्र्यांच्या माद्यांच्या गर्भाशयात वाढवण्यात आले. तंत्र म्हणून ही कामगिरी खरोखरच मोठी आहे. एकाच पेशीत इतक्या ठिकाणी नेमके बदल करून त्यातून निरोगी सस्तन प्राणी जन्माला घालणे, हे काही दशकांपूर्वी कुणाच्या आवाक्यात नव्हते, आणि त्याचे श्रेय द्यायला कंजुषी करण्याचे कारण नाही.

परंतु वेष्टनावर ‘वीस बदल केलेला लांडगा’ असे छापलेले नव्हते. कंपनीच्याच सांगण्यानुसार करडा लांडगा आणि डायर वुल्फ यांच्या जनुकीय संचात ९९.५ टक्के साम्य आहे. हे वाक्य ऐकायला दिलासा देणारे असले तरी लांडग्याचा जनुकीय संच सुमारे २४० कोटी अक्षरांचा, म्हणजे डीएनएतील रासायनिक एककांचा, असतो, आणि त्याचा अर्धा टक्का म्हणजे सुमारे एक कोटी वीस लाख अक्षरे होतात. त्यांपैकी वीस ठिकाणे बदलली. पडून गेलेल्या वाड्याची वीस कौले नव्या इमारतीवर बसवून तिला वाडा म्हणण्यासारखा हा प्रकार झाला. त्यातही आणखी एक पेच आहे. वीसपैकी पंधराच बदल प्राचीन डीएनएत आढळलेल्या रूपांशी जुळणारे आहेत. छायाचित्रांत ज्या शुभ्र कातडीने सगळ्यांचे लक्ष वेधून घेतले, तो रंग डायर वुल्फच्या रंगविषयक जनुकांची रूपे उचलून आणलेला नाही. तशा बदलांमुळे करड्या लांडग्यात बहिरेपणा किंवा अंधत्व येण्याची शक्यता असल्याने फिकट रंगासाठी लांडग्यांत व कुत्र्यांत आधीच माहीत असलेली दुसरी वाट निवडण्यात आली. पिल्लांच्या हिताच्या दृष्टीने हा निर्णय अगदी बरोबर होता. पण मग ज्या वैशिष्ट्यावरून लोकांनी प्राणी ‘ओळखला’ तेच उसने ठरते, हेही मान्य करायला हवे.

डायर वुल्फ आणि आजचे लांडगे यांच्या वंशरेषा ५० लाखांहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असाव्यात, असा निष्कर्ष २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने काढला होता. कंपनीचे स्वतःचे विश्लेषण त्यांना एकमेकांच्या अधिक जवळ आणते. हा वाद जनुकशास्त्रज्ञ सोडवतील. दरम्यान आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतील श्वानकुलाच्या तज्ज्ञगटाने स्पष्टपणे म्हटले की हे तीन प्राणी डायर वुल्फ नाहीत आणि संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्यांचे पर्यायी प्रतिनिधीही नाहीत. कंपनीच्या मुख्य शास्त्रज्ञ बेथ शापिरो यांनीही, गाजावाजा ओसरल्यावर, हे वीस बदल केलेले करडे लांडगे आहेत आणि हुबेहूब पूर्वीसारखा जीव परत आणणे शक्य नाही, अशी कबुली दिली. दिसायला आणि वागायला सारखा असेल तर तो तोच प्राणी मानावा, ही त्यांची भूमिका आहे. दिसण्यापुरती ती समजून घेता येईल. पण हिमयुगातील कळपात तो प्राणी कसा वागत होता हे पाहिलेला माणूस आज हयात नसताना वागण्याची तुलना नेमकी कशाशी करायची, हे मला कळलेले नाही.

मालातील ही तूट केवळ एका कंपनीच्या घाईमुळे आलेली आहे, असे समजणे अन्यायाचे होईल. ख्रिसमस बेटावरील मॅक्लीअर उंदीर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नामशेष झाला. म्हणजे तो फार जुना नाही, त्याचे नमुने संग्रहालयांत आहेत आणि त्याचा जवळचा नातेवाईक, साधा तपकिरी उंदीर, प्रयोगशाळांच्या अगदी सवयीचा आहे. यापेक्षा सोपा उमेदवार मिळणे कठीण. तरीही २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी त्याचा जनुकीय संच जुळवून पाहिला तेव्हा जवळजवळ ५ टक्के भाग हाती लागलाच नाही, आणि हरवलेल्या भागात गंध ओळखण्याशी व रोगप्रतिकाराशी संबंधित जनुके विशेष करून होती. उंदराचे सारे जगणे वासावर चालते. अन्न, शत्रू, जोडीदार हे सारे तो नाकाने ओळखतो. ते नाकच मूळचे नसेल तर बाकीचा उंदीर कितीही हुबेहूब असला तरी तो जगेल ते दुसऱ्याच कुणाच्या तरी जगात. मोठ्या प्राण्यांबद्दल बोलताना मला हा उंदीर वारंवार आठवतो. डायनासोरची मागणी करणाऱ्यांसाठी इथेच उत्तर आहे: आजवर मिळालेला सर्वांत जुना डीएनए, ग्रीनलंडमधील गाळातला, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा आहे, आणि डायनासोर जाऊन ६ कोटी ६० लाख वर्षे झाली.

क्लोनिंगच्या थेट वाटेचा अनुभव त्याहून दुःखद आहे. पिरेनीज पर्वतातील बुकार्डो या रानबकऱ्यांची शेवटची मादी जानेवारी २००० मध्ये झाड अंगावर पडून मेली. तिच्या जपून ठेवलेल्या पेशींपासून २००३ मध्ये एक पिल्लू जन्मले आणि फुप्फुसातील दोषामुळे काही मिनिटांतच गेले. त्या पिल्लाने श्वास घेतला असता तरी ते मादी होते आणि तिला नर कोठून आणणार, हा प्रश्न शिल्लकच होता.

सेवेचा कस खरा लागतो तो माल पोहोचवल्यानंतर, आणि तिथे मला ही सेवा सर्वांत कच्ची वाटली. तीनही लांडगे माणसांनी बाटलीने दूध पाजून वाढवले. ते सुमारे २,००० एकरांच्या कुंपणबंद जागेत राहतात, त्यांची काळजी चांगली घेतली जाते, आणि त्यांना रानात सोडण्याचा विचार नसल्याचे कंपनीने घोषणेच्या वेळीच सांगितले होते. सोडणार तरी कोठे? ज्या रानघोड्यांवर, उंटांवर आणि भल्या मोठ्या स्लॉथवर तो प्राणी जगत होता त्यांतील बरेच त्याच्या बरोबरच गेले. लांडग्याचे पिल्लू शिकार कळपात शिकते, आणि शिकवणारा कळप जनुकांत लिहिलेला नसतो. प्रवासी कबुतराची अडचण याच जातीची आहे. उत्तर अमेरिकेत कोट्यवधींच्या थव्यांनी राहणारा हा पक्षी बेसुमार शिकारीमुळे संपला आणि शेवटची मार्था १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. त्याचे सारे जीवन गर्दीवर उभे होते. डझनभर कबुतरे निर्माण करणे म्हणजे त्या पक्ष्याचे रूप परत आणणे झाले, त्याची राहणी नव्हे. मॅमथबाबत तर प्राणी जन्मण्याआधीच प्रश्न सुरू होतात. आशियाई हत्तिणीचा गर्भकाळ सुमारे २२ महिन्यांचा असतो आणि ती प्रजाती स्वतःच धोक्यात आहे. प्रयोगात अनेक गर्भ वाया जातात हे जर ठाऊक आहे, तर एका संकटग्रस्त प्रजातीच्या माद्यांची प्रजननाची वर्षे अशा कामाला लावावीत काय? कंपनी कृत्रिम गर्भाशयावरही काम करते, पण पहिल्या मॅमथसाठी तिनेच ठरवलेले २०२८ हे वर्ष फार दूर नाही. मॅमथकडे जाणारी पायरी म्हणून कंपनीने मार्च २०२५ मध्ये दाखवलेले लांब सोनेरी केसांचे उंदीर गोजिरवाणे होते, यात शंका नाही. त्यांना थंडी अधिक सोसते असे मात्र त्या वेळी सिद्ध केलेले नव्हते.

खर्चाबद्दल थोडक्यात. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने २० कोटी डॉलर उभे केले आणि तिचे मूल्यांकन सुमारे १,०२० कोटी डॉलर झाले. हा पैसा खासगी गुंतवणूकदारांचा आहे आणि तो एरवी संवर्धनाकडे गेला नसता, हे समर्थन मला बऱ्याच अंशी पटते. परंतु प्राणी जन्मल्यावर त्याची जमीन, त्याचे रक्षण, त्याचे रोग आणि त्याच्यामुळे होणारे नुकसान यांचा भार कायम सरकारी खात्यांवरच येणार. २०१७ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये आलेल्या अभ्यासाने न्यूझीलंड आणि न्यू साउथ वेल्स येथील आकडे तपासून असे दाखवले होते की तोच पैसा आज जिवंत असलेल्या प्रजातींवर खर्च केला तर कितीतरी अधिक प्रजाती वाचू शकतील. याहून मोठी किंमत मनोवृत्तीची आहे. डायर वुल्फची घोषणा होताच सार्वजनिक जमिनी व वन्यजीव पाहणाऱ्या अमेरिकी ‘इंटिरिअर’ खात्याचे मंत्री डग बर्गम यांनी तिचे स्वागत केले आणि संकटग्रस्त प्रजातींच्या संरक्षणासाठी नियमांपेक्षा नवतंत्राची कास धरावी, असा सूर लावला. परत आणण्याची सोय आहे असे एकदा मनाने घेतले की जपण्याची निकड ढिली पडते. टास्मानियाच्या सरकारने थायलसीन मारणाऱ्यांना १८८८ पासून बक्षिसे दिली आणि त्याला कायद्याचे संरक्षण दिले ते १० जुलै १९३६ रोजी. शेवटचा ज्ञात थायलसीन होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात ७ सप्टेंबर १९३६ रोजी, म्हणजे ५९ दिवसांनी, मेला. त्या बेटाला तेव्हा जनुकशास्त्र कमी पडले नव्हते.

इतके दोष दाखवूनही मी ही सेवा बंद करा असे म्हणणार नाही, कारण याच तंत्रातून, पण इतरांच्या हातून निघालेला, वेष्टनावर फारसे काही न लिहिलेला दुसरा माल उत्तम आहे. काळ्या पायांचे फेरेट हे मुंगसासारखे दिसणारे उत्तर अमेरिकी प्राणी केवळ सात पूर्वजांपासून वाढवले गेलेले असल्याने त्यांच्यात जनुकीय विविधता अगदी तुटपुंजी आहे. १९८८ मध्ये मेलेल्या विला नावाच्या मादीच्या गोठवून ठेवलेल्या पेशींपासून १० डिसेंबर २०२० रोजी एलिझाबेथ अॅन हे फेरेट जन्मले, आणि विलाच्याच पेशींपासून झालेल्या अँटोनियाने २०२४ मध्ये पिल्लांना जन्म दिला. वंशावळीतून गळून गेलेली एक शाखा अशा रीतीने पुन्हा जोडली गेली. प्रझेवाल्स्की या मध्य आशियातील रानघोड्याच्या बाबतीतही १९८० मध्ये गोठवलेल्या पेशींपासून २०२० मध्ये शिंगरू झाले. या दोन्ही उदाहरणांत पिल्लाला जाऊन मिळायला स्वतःच्याच जातीचे प्राणी होते, राहायला अधिवास होता आणि नावाबद्दल कोणाला शंका नव्हती. मॅमथच्या नादाने का होईना, आशियाई हत्तींच्या पिल्लांचा जीव घेणाऱ्या नागीण कुळातील विषाणूवरील लशीच्या संशोधनालाही कोलोसलचा हातभार लागला आहे, आणि मला तर तो त्यांच्या यादीतील सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

म्हणून माझे गुण विभागून आहेत: तंत्राला पाचपैकी चार, लेबलला एक. निव्वळ कुतूहलापोटी हजारो वर्षांपूर्वीचे प्राणी घडवण्याची शिफारस मी करणार नाही. थायलसीनसारख्या, माणसाने अलीकडे संपवलेल्या आणि ज्याचे रान अजून बऱ्यापैकी शाबूत आहे अशा प्राण्याबाबत विचार करायला मी तयार आहे, पण आधी तो प्राणी कोठे राहील, किती संख्येने राहील आणि त्याची जबाबदारी कायद्याने कोणाची असेल हे लेखी समोर यावे. उत्तरी पांढऱ्या गेंड्यांचा शेवटचा नर सुदान १९ मार्च २०१८ रोजी मेला, आणि आता केनियात नाजिन व फातू या मायलेकीच उरल्या आहेत. त्यांच्या वंशासाठी झटणाऱ्या ‘बायोरेस्क्यू’ प्रकल्पाने जानेवारी २०२४ मध्ये दक्षिणी पांढऱ्या गेंड्याचा प्रयोगशाळेत तयार केलेला भ्रूण दुसऱ्या मादीत रुजल्याचे जाहीर केले. ती मादी या घोषणेआधीच जिवाणूंच्या संसर्गाने दगावली होती, तरी पद्धत चालते हे सिद्ध झाले. कोलोसलही या प्रकल्पाशी जोडलेली आहे. नाजिनचा जन्म १९८९ चा आणि फातूचा २००० चा. २०२८ च्या मॅमथआधी त्यांच्या जातीच्या पिल्लाचा क्रमांक लागायला हवा.